कार्तिकीचा नाष्टा

हसनाबाद
२४ जून

मीना,

आबांच्या वेळी नवरा बायकोला पत्रात 'अनेक आशीर्वाद' लिहायचा. तू आता पोलीस होणार. तेव्हा आशीर्वाद मी द्यायचे की तुला सलाम ठोकायचा, हे तुमच्या साहेबांना विचारून कळव. तोवर नुसतं नाव लिहितो.

पत्र कशाला, म्हणशील. रविवारी ट्रेनिंग सेंटरवाले तुम्हाला फोन देतात, पण इकडे तो पोरांच्या हातात असतो. बबलू 'मम्मी, मम्मी, ऐक ना' एवढंच म्हणत राहतो आणि पुढे काही सांगत नाही. कार्तिकी दोन शब्द बोलून फोन परत देते. माझी पाळी येईपर्यंत तुझ्यामागे रांगेत उभी असलेली पोरगी खाकरायला लागते. शिवाय तू जाताना आपण दोघं धड बोललो नाही. तू एसटीच्या खिडकीतून पोरांना हात करत होतीस आणि मी उगाच दुसरीकडे बघत होतो. मुंबईचा विषय या पत्रात काढणार नाही. फॉर्म तू भरलास, भरती तू झालीस, आता त्यावर काय बोलायचं?

घरची खबर अशी की माय मस्तगडला थोरल्या भावाकडे निघून गेली. "सून पोलिसात चालली, मंग म्या म्हातारीनं इथं भाकऱ्या थापत बसू का?" असं म्हणाली आणि पिशवी उचलली. दोन दिवसांनी राग उतरेल असं वाटलं होतं. उतरला, पण मस्तगडच्या टीव्हीसमोरून ती काही उठत नाही. त्यामुळे घरात आता मी, तिसरीतली एक आणि बालवाडीतला एक.

दुपारचं आणि रात्रीचं जमतं. वरणभात टाकतो, पोळ्या शेजारच्या बेबीनंदाकाकू लाटून देतात. घोडं अडतं ते सकाळी. पावणेसातला मुनीरभाई दारात शाळेची गाडी लावतो आणि हॉर्न असा वाजवतो की अख्ख्या गल्लीची पोरं शाळेत निघावीत. त्याच्या आत दोघांना उठवा, अंघोळ घाला, वेणी घाला, डबा भरा आणि नाष्टा करून पोटात घाला. जळालेली मोटर मी तेवढ्या वेळात उघडून, तांब्याची तार काढून मोकळा होतो. पण वेणी जमत नाही आणि नाष्टा तर त्याहून जमत नाही.

काल पोहे केले. भिजत घातले आणि बबलूला अंघोळ घालायला गेलो. परत आलो तर पातेल्यात लगदा. फोडणीत टाकला, वरून कोथिंबीर घातली, लिंबू पिळलं, बशीत वाढला. बबलूनं बोट लावून बघितलं आणि विचारलं, "पप्पा, ह्यो डिंक हाये का?" तरी त्यानं खाल्ला. तो कढईसुद्धा खाईल. कार्तिकीनं दोन घास खाल्ले. म्हणजे खाल्लेच असतील, मी बबलूचे मोजे शोधत होतो.

तू काळजी करू नकोस. धावताना पाय जपून टाक. तुला डाव्या घोट्याचा त्रास आहे हे त्या लोकांना सांगितलंस का?

अंगद


हसनाबाद
८ जुलै

मीना,

तुझं पत्र मिळालं. चार पानांत साडेतीन पानं नाष्टा. नवऱ्यासाठी शेवटची दीड ओळ, त्यातही 'गॅस नीट बंद करत जा'. असो. तुझं म्हणणं खरं आहे, सकाळची सगळी तयारी रात्री करून ठेवली तर निम्मं काम होतं. आता कांदा रात्रीच चिरतो, दाणे भाजून ठेवतो, पीठ मळून झाकतो. पोहे चाळणीत धुवायचे, भिजत घालायचे नाहीत, हे तू जाण्याआधी सांगितलं असतंस तर डिंक झाला नसता.

हिशेब देतो. सोमवारी सुशीला केली. मुरमुरे ओले करून लगेच पिळले, हिरवी मिरची, शेंगदाणे, डाळ्याचं कूट. बबलू "अजून" म्हणाला. मंगळवारी रात्रीच्या पोळ्या कुस्करून फोडणीला टाकल्या. बुधवारी धिरडी. पहिली तीन तव्यालाच चिकटली, चौथं निघालं आणि ते बबलूनं उभ्या उभ्या संपवलं. गुरुवारी पोळीला तूपगूळ लावून गुंडाळी करून दोघांच्या हातात दिली, कारण उठायलाच उशीर झाला होता. हॉर्न वाजत होता आणि मी एका हातानं रिबीन बांधत होतो. रिबीन बांधताना दातात धरायची असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

कार्तिकीचं विचारतेस. ती जरा कमी खाते. रोज बशीसमोर बसते, मांडी घालून, अगदी शहाण्यासारखी. चमच्यानं इकडचं तिकडे करते आणि मग म्हणते, "भूक न्हाई पप्पा, दुपारी खाते." आणि दुपारी खरंच खाते, दोन माणसांचं. शाळेतून आल्या आल्या दप्तर फेकते आणि ताटावर बसते. मला वाटतं माझ्या हाताची चव तिला लागत नाही. तूच तिला पहिल्यापासून चवीची खोड लावली आहेस. उपीट जरा कोरडं झालं तर तुला सुद्धा नावं ठेवायची.

म्हणून मी बेबीनंदाकाकूंना सांगितलं. काकू पहाटे उठल्या, त्यांच्या हातची ज्वारीची धपाटी, वर दह्याची वाटी, असं झाकून घेऊन आल्या. तुला माहीत आहे, काकूंची धपाटी म्हणजे काय. मी स्वतः तीन खाल्ली. कार्तिकीनं अर्धं खाल्लं. काकूंना जरा वाईट वाटलं, पण मी म्हणालो, सकाळी पोरांना भूक नसतेच.

दुकान बरं चाललंय. पाऊस लांबला की विहिरीवरच्या मोटरी जास्त जळतात. तू सांगितलेली आंबोळी उद्या करतो.

अंगद


हसनाबाद
२२ जुलै

मीना,

रविवारी फोनवर तू तीनदा विचारलंस, "कार्तिकी बारीक झाली का?" बबलूनं फोटो पाठवायला माझ्या मोबाइलवर काय दाबलं देव जाणे, त्यात तिचा चेहरा तसा दिसतो. प्रत्यक्षात ठीक आहे. उंच होतेय ना, म्हणून.

शाळेतून एकदा फोन आला होता, पण ते उन्हामुळे. मी जाऊन घेऊन आलो. भोकरदनला डॉक्टरला दाखवलं, त्यांनी बाटली लिहून दिली. सकाळी नाष्टा झाल्यावर एक चमचा.

मी तुझ्यापाशी खोटं का बोलू, परवा मी तिच्यावर हात उगारला. मारलं नाही. तुझी शपथ, मारलं नाही. पण पहाटे उठून रव्याचा गोड शिरा केला होता, तिच्या आवडीचा, बेदाणे घालून. तिनं चमचा हातात घेतला आणि खाली ठेवला. माझं डोकं फिरलं. म्हणालो, "तुझ्या मम्मीचा राग माझ्यावर कशाला काढून राह्यली?" आणि तिचं तोंड धरून एक घास कोंबला. तिनं तो गिळला नाही. गालात धरून तशीच दप्तर घेऊन गाडीपर्यंत गेली. मी खिडकीतून बघत होतो. गाडीत चढण्याआधी काकूंच्या तुळशीमागे जाऊन थुंकून आली आणि मग मला हात केला. रागानं नाही, रोजच्यासारखाच हात केला. मी ओट्यापाशी उभा राहून उरलेला शिरा खाल्ला.

हे सगळं वाचून तू उगाच जिवाला लावून घेशील, म्हणून सांगतो की त्यानंतर सगळं सुरळीत आहे. आता ती खाते. थोडं थोडं.

एक सहज विचारायचं होतं. भरतीच्या वेळी तू चहा सोडला होतास ना, तो परत कधी घेतलास? यादीत नाव लागलं त्या दिवशी की नंतर? आणि पहिला कप कोणी करून दिला होता? मला आठवत नाही म्हणून विचारतो. तसं कारण काही नाही.

अंगद


हसनाबाद
५ ऑगस्ट

मीना,

तू लिहिलंस की चहा यादीच्या दिवशी घेतला आणि तो कार्तिकीनं करून दिला होता, स्टुलावर उभी राहून. बरोबर. आता आठवलं मला.

पालकभेटीचा रविवार पक्का झाला हे चांगलं झालं. सुट्टी द्यायला त्यांच्या जिवावर येतं, निदान भेटायला तरी देतात. आम्ही शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघतो. गेटवर नऊला सोडतात ना? म्हणजे सकाळच्या नाष्ट्याच्या वेळेला आपण समोरासमोर असू.

मी डब्यात मलिदा आणतो. पोळी बारीक चुरून, गूळ आणि भरपूर तूप घालून. तो प्रवासात खराब होत नाही. माझं एक काम कर. डबा तू उघड आणि पहिला घास कार्तिकीला तुझ्या हातानं भरव. बबलूला नंतर. तिला आधी. का ते विचारू नकोस, तिची हौस आहे असं समज. बाकी मला तुझ्याकडून काही नको. मुंबईवरून मी तुझ्याशी भांडणारही नाही, पोरांसमोर तर नाहीच.

माय फोनवर म्हणाली, "मीनाला म्हणावं, लेकरावरून मीठमिरची ओवाळून टाक." तिकडे चूल कुठली? पण निरोप सांगायचा म्हणून सांगितला.

रविवारी भेटू.

अंगद


हसनाबाद
१९ ऑगस्ट

मीना,

रविवारी तू गेटच्या आत परत गेलीस तेव्हा रडत होतीस. आम्हाला दिसू नये म्हणून टोपी नीट करत होतीस, पण मला दिसलं. तुला वाटलं की कार्तिकी तुझ्यावर रुसली. तू घास पुढे केलास आणि तिनं तोंड फिरवलं. तू 'एकच, माझ्या सोन्या' म्हणालीस, तरी तिनं ओठ घट्ट मिटले. ती रुसलेली नाही. तिकडे येताना रात्रभर ती तुझ्याबद्दलच बडबडत होती आणि बसमध्ये तुझी ओढणी गळ्यात घालून बसली होती. हे तुला सांगायलाच हे पत्र लिहितोय, आणि ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागेल.

तू गेल्यापासून कार्तिकीनं सकाळी काहीही खाल्लेलं नाही. दोन घास नाही, अर्धं धपाटं नाही. मी लिहिलं ते सगळं खोटं होतं. शाळेचा डबा ती मधल्या सुट्टीत मैत्रिणीला देते. शाळेतून फोन आला तो उन्हाचा नव्हता. प्रार्थनेला उभी असताना ती खाली पडली. मी गेलो तेव्हा ऑफिसातल्या बाकावर निजवली होती, बाई तिला ग्लुकोजचं पाणी पाजायला बघत होत्या आणि ही दात घट्ट मिटून पडली होती. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. बाटली दिली ती नाष्ट्यानंतर घ्यायची, आणि नाष्टा तर होतच नाही. ती अजून फोडलेली नाही.

तुला का सांगितलं नाही? पहिल्याच आठवड्यात तू फोनवर म्हणाली होतीस, "पोरं जेवत नसतील तर मी हे सगळं सोडून येते." तू खरंच आली असतीस. मग दोन वर्षं पहाटे उठून त्या मैदानावर धावलीस ते पाण्यात गेलं असतं आणि आयुष्यभर ते माझ्या नावावर राहिलं असतं. म्हणून मी बसलो पोहे, सुशीला, धिरडी करत. मला वाटत होतं दोष माझ्या हाताचा आहे. हात सुधारला की पोरगी खाईल.

खरं काय ते मुनीरभाईमुळे कळलं. शुक्रवारी तो गाडीतल्या सगळ्या पोरांना एकेक बिस्किटाचा पुडा देतो. एके दिवशी पोरं सोडून झाल्यावर मुद्दाम दुकानावर आला. मी मोटर उघडून बसलो होतो. म्हणाला, "अंगदभाऊ, गुस्सा नका करू, एक बात विचारू का? पोरगी रोजे धरून राह्यली का?"

मी म्हणालो, "काय बोलता मुनीरभाई!"

तो म्हणाला, "माझ्या फरहीननं पहिला रोजा धरल्ता तव्हा ती असंच करायची. पुडा घ्यायची, वास घ्यायची अन् दप्तरात ठेवायची. तुमची पोरगी बिलकुल तसंच करती. भूक नसलेलं लेकरू असं न्हाई करत भाऊ. भूक लागलेलं अन् दाबून धरलेलं लेकरू असं करतं. म्या तीन शुक्रवार पाहून राह्यलो."

माझ्या घरात रोज माझ्यासमोर चाललेलं त्यानं गाडीच्या आरशातून बघून ओळखलं. संध्याकाळी मी तिला जवळ घेतलं आणि सरळ विचारलं. तिनंही सरळ सांगितलं, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतंच जणू.

"म्या सकाळचं सोडलंय, पप्पा."

"कशापायी?"

"मम्मी घरी येऊन राह्यली पाह्यजे म्हणून. मम्मीनं भरतीच्या टायमाला चहा सोडल्ता. मंग मम्मी भरती झाली."

मी म्हणालो, "चहा सोडल्यानं न्हाई गं झाली. मम्मी रोज धावली, अभ्यास केला, म्हणून झाली."

तर ती म्हणाली, "शिवकन्याताई पण धावत होती मम्मीबरोबर. ती चहा पेत होती. ती झाली न्हाई."

काकूंची शिवकन्या तुझ्याबरोबर पळायची, तिचे दोन गुण कमी पडले, हे खरं. आता सांग मीना, या पोरीला मी काय उत्तर देऊ? तूच तिला मांडीवर घेऊन सांगितलं होतंस की मोठं काही हवं असेल तर आपल्या आवडीचं सोडावं लागतं. तिला सकाळचा नाष्टा सगळ्यात आवडतो. तुझ्या हातचा. तो तिनं सोडला.

मी मायला फोन केला. वाटलं, जुनं माणूस आहे, काहीतरी तोड सांगेल. तर ती घाबरली. "बाबा, जबरदस्तीनं मोडू नको. ज्याच्या नावानं सोडलं, त्याच्याच हातचा घास घेऊन सुटतं ते. मधीच मोडलं तं उलटं फिरतं." मी मोटरीची कॉइल बांधणारा माणूस, मला असल्या गोष्टी पटत नाहीत. पण तू तिकडे बंदुका घेऊन पळतेस, घोटा दुखावलेला, आणि 'उलटं फिरतं' म्हटल्यावर माझाही हात मागे आला. शिऱ्याचा घास कोंबल्याचं आठवून मी देवापुढे नारळ फोडून आलो. तू हसशील, हस.

आणखी एक लिहितो. ते लिहायला सोपं नाही. तिनं कारण सांगितलं तेव्हा मला तिचा राग यायला हवा होता. तो आला नाही. मला बरं वाटलं. तू परत यावीस असं मी तोंडानं म्हणू शकत नाही. म्हटलं तर सगळं गाव म्हणेल, नवरा आडवा आला. तुझे भाऊ म्हणतील, तूही म्हणशील. पण पोरगी मागत होती आणि मी रोज सकाळी तिच्यासमोर बशी ठेवून, ती तशीच उचलून, तिच्या मागण्यात वाटेकरी होत होतो. दुपारी तिचं सुकलेलं तोंड बघून मला माझीच लाज वाटायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

म्हणून तुझ्या हातचा घास हा एकच उपाय होता. तू भरवशील, तिचं सुटेल, आम्ही घरी येऊ. तू घास पुढे केलास आणि पुढचं तुला माहीतच आहे. तू आत गेल्यावर मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, "अगं मम्मीचाच हात होता ना? आजी काय म्हणाली होती, सांगितलं होतं ना तुला?" तर म्हणाली, "पण मम्मी घरी कुठं आली? आपणच इथं आलो. घरी आल्यावर घेते." नियम तिचे तिला अगदी पाठ आहेत.

परतीच्या गाडीत बबलू झोपला. ती खिडकीशी बसली होती आणि मोजत होती, दिवाळी, मग संक्रांत, मग मम्मी. मला ते सहन होईना. ट्रेनिंग संपलं की तू घरी येणार असं तिला वाटतं. आपण दोघांनीही तिला 'नऊ महिने' एवढंच सांगितलं, पुढचं कोणीच सांगितलं नाही. मला वाटलं, आता खरं सांगून टाकावं. जे होणारच नाही त्यासाठी पोरगी उपाशी मरते आहे. होणार नाही हे कळलं की सोडून देईल. रडेल दोन दिवस, पण खाईल.

म्हणून सांगितलं. "कार्तिकी, जालन्यात जागा थोड्या होत्या, म्हणून मम्मीनं मुंबईचा फॉर्म भरला. ट्रेनिंग झाल्यावर मम्मीची नोकरी मुंबईला. तिथंच राह्यचं. सुट्टी मिळाली की येईल, दोन दिवस, चार दिवस. मंग परत जाईल."

ती रडली नाही. खिडकीकडे तोंड करून बसली. मी पाठीवरून हात फिरवत राहिलो आणि मनात म्हणत होतो की बरं झालं, एकदाचा निघाला काटा. मग माझ्याकडे वळली. चेहरा तिचा गणित सोडवताना असतो तसा.

"पप्पा, मुंबई लई लांब हाये ना?"

"हो."

"मंग एक टायमाचं सोडून कसं होईल? दुपारचं पण सोडावं लागंल."

मी म्हणालो, "न्हाई, असं न्हाई करायचं." मी म्हणालो, "तुला माझी शपथ." मी गाडीत सगळ्यांसमोर तिच्यापुढे हात जोडले, मीना. शेजारची बाई बघायला लागली. ती माझे जोडलेले हात सोडवत म्हणाली, "तुम्ही नका रडू पप्पा. मम्मी येईल."

तू ट्रेनिंग सोडून ये असं मी लिहीत नाही. सोडू नकोस असंही लिहिता येत नाही. तिला काय सांगायचं ते तुला सुचत असेल तर रविवारच्या फोनची वाट बघू नकोस, साहेबांच्या पाया पडून आजच फोन कर.

दुपारचे दोन वाजलेत. गाडीतल्या त्या बोलण्यानंतरचं हे पहिलंच दुपारचं जेवण. शाळेतून येऊन अर्धा तास झाला. मी तिघांची ताटं वाढली आहेत. कार्तिकी बबलूला वरणभात कालवून भरवते आहे आणि त्याला सांगते आहे, "सगळं खा, ताटात टाकायचं न्हाई." तिचं ताट तिच्यापुढे आहे. मी हे लिहितो आहे आणि मध्ये मध्ये मान वर करून बघतो आहे.

अंगद